खुर्ची आधी आली

लहानपणी रविवारच्या शाळेत कडकमावशीला वर्गाबाहेर उभं केलं होतं. गुन्हा काय, तर प्रश्न विचारला. बाई शेवटच्या भोजनाचा धडा शिकवत होत्या. येशू जेवायला बसलाय, शिष्य भोवती, त्यांच्यातच दगा देणारा यहूदा, आणि तो म्हणतो, जो माझ्याबरोबर ताटात हात घालतोय तोच मला धरून देणार आहे. ही उठून उभी.

"बाई, त्याला आधीच माहीत होतं ना? मग यहूदाच्या कानाखाली एक वाजवली का नाही?"

वर्ग खिदळला. बाई म्हणाल्या, प्रभू क्षमाशील होता. बरं. पुढच्या रविवारी गोष्ट पुढे सरकली. यहूदा पस्तावला, त्याने धरून देण्याबद्दल मिळालेले पैसे देवळात फेकले आणि जाऊन गळफास घेतला. ही पुन्हा उभी.

"त्याला शोधायला कोण गेलं?"

"कुणाला?"

"यहूदाला. बाकीचे अकरा जण होते की. एकसुद्धा गेला नाही?"

उत्तर नसलं की मोठी माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. बोट दाराकडे दाखवलं. ही बाहेर जाऊन उभी राहिली. तेव्हापासून जी उभी राहिली, ती आयुष्यभर उभीच.

मोठेपणी ती लाँड्रीत लागली. लाँड्री म्हटलं की कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान डोळ्यांपुढे येईल, तर ते विसरा. हा कारखानाच होता. शहरभरच्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरून यायच्या. मागच्या बाजूला धुलाईची मशिनं, मधे खळीची पिंपं, पुढे लाटणं. वाफेने तापवलेले दोन लांबलचक रोलर. एकीकडून ओली चादर सरकवायची, दुसरीकडून ती कोरडी, सरळ होऊन बाहेर पडायची. मशिनचं खरं नाव पितळी पट्टीवर कोरलेलं होतं, पण बायकांनी त्याला लाटणं म्हटलं आणि तेच रूढ झालं. साहेबसुद्धा लाटणंच म्हणायचे.

हिचं काम खळीच्या पिंपावर. खळीत हात घालून घालून बाईच कडक झाली, असं बायका म्हणत. तिने तोंड उघडलं की साहेबांची सुटलेली बटणं आपोआप लागतात, असंही म्हणत. लाँड्रीत बसायला मनाई होती. बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई, असा हिशेब. सकाळी उभं राहायचं ते संध्याकाळी सुटेपर्यंत. मधे डबा खाताना तेवढं टेकायचं, तेही पोत्यांवर.

आता सावलीचं सांगते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट नाही.

सावली कामाला आली तेव्हा तिला कुणी जोडीला घेईना. कारण ती डावखुरी. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, दोघींच्या दोन्ही हातांत एकेक टोक. ताणायची, झटकायची, चालत एकमेकींजवळ यायचं, एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, वाकून नवी दुमड उचलायची, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दुपारनंतर खळीचं काम आटपलं की सगळ्यांनाच हा नाच नाचावा लागे. डावखुरी आली की नाच बिघडतो. ती ज्या हातात टोक द्यायला जाते तो हात तिथे नसतोच. चादर जमिनीवर पडते, पुन्हा धुवायला जाते, आणि शिव्या नव्या पोरीला.

मावशीने एक दिवस पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं, मग खळीचे हात पुसत म्हणाली, "ए पोरी, इकडे ये. मी बदलते हात. माझ्या हातांना कुठे पुस्तक लिहायचंय?"

तेव्हापासून या जोडीच्या घडीची शिवण उलटी पडू लागली. बाकीच्यांची शिवण वर, यांची खाली. माल तपासणारा कुरकुरला तर मावशीने विचारलं, "पेशंट शिवण बघून मरतो का?"

मावशी जाईल तिथे ही. मावशी ऑफिसात भांडायला गेली की ही दारात उभी. मावशीचं वाक्य दमून अर्ध्यावर थांबलं तर उरलेलं ही पुरं करायची. म्हणून तर नाव पडलं सावली. दोघींचा डबा एक, दोघी त्यातच हात घालायच्या. कपडे बदलायच्या खोलीची किल्ली मावशीने तिच्याकडे दिली होती, कारण बायकांच्या बैठका तिथेच होत.

सावलीच्या पायांच्या शिरा फुगून गाठी झाल्या होत्या. संध्याकाळी ती जमिनीवर आडवी होऊन पाय भिंतीला वर टेकवायची. एकदा तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "मावशी, बसून काम करणाऱ्या बायकांना घरी गेल्यावर कसं वाटत असेल गं?"

"कंटाळा येत असेल," मावशी म्हणाली आणि हसली. सावलीही हसली. विषय संपला, असं मावशीला वाटलं.

साहेबांचं नाव टाय. वाफेच्या त्या भट्टीतसुद्धा गळ्यात टाय, म्हणून. "टाय आला", "टाय गेला", असंच बोलणं. तर लाटण्याच्या तोंडाशी एक लोखंडी दांडी होती. हात रोलरकडे गेला की दांडीला लागायचा आणि मशिन जागच्या जागी थांबायचं. पण चादरीचा जाड काठ लागला तरी थांबायचं, आणि मशिन थांबलं की माल मागे पडायचा. टायने काय करावं? दांडी वर उचलली आणि तारेने घट्ट बांधून टाकली. माल सुसाट निघू लागला.

मग चिमणीचा हात गेला. चिमणी नवी होती, अंगाने एवढीशी. चादरीची सुरकुती काढायला हात पुढे केला आणि बोटं रोलरने घेतली. ती कशी किंचाळली ते लिहीत नाही. टाय म्हणाला, "तिचं लक्ष नव्हतं." दुसऱ्या दिवशी लाटणं पुन्हा सुरू. तार जिथल्या तिथे.

मावशी ऑफिसात घुसली. "तार काढा."

"बघू."

"बघू म्हणजे? आणखी कुणाचा हात बघायचाय?"

"आवाज खाली घ्या, बाई."

"मशिनचा आवाज खाली घ्या, मग माझा घेते."

टाय हसला आणि फोनवर बोलू लागला. मावशी बाहेर आली ती ठरवूनच. ती तार उतरवायची. नोकरी राहो की जावो, तार उतरवायची.

येत्या गुरुवारी सरकारी तपासणीचे साहेब येणार होते. ते येतात म्हणजे काय, तर ऑफिसात पंख्याखाली बसतात, चहा घेतात, सही ठोकतात, जातात. मशिनपर्यंत त्यांचे बूट कधी आले नाहीत. टायला याची इतकी खात्री की तपासणीच्या दिवशीसुद्धा तार सोडायचे कष्ट घ्यायचा नाही. मावशीने कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांना गोळा केलं. सावलीने दाराला आतून कडी घातली.

"साहेब आत गेले की सगळ्यांनी काम सोडून खाली बसायचं," मावशी म्हणाली.

"बसायचं?" धुलाईवरची म्हातारी म्हणाली. "नुसतं?"

"नुसतं. लाटणं बंद पडलं की ऑफिसाच्या काचेपलीकडे कळतं. काय झालं बघायला तो बाहेर येणारच. आला की तार दाखवायची आणि चिमणीचा हात दाखवायचा."

"आणि नाही आला तर?"

"तर त्याचा चहा संपेपर्यंत बसू. टाय दुसरा मागवेल. तो संपेपर्यंत बसू. मुतायला तरी उठेल की नाही?"

हसू फुटलं. म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "एवढ्या वर्षांनी बसायला मिळणार, तर मी आडवीच होते." सगळ्यांनी हात वर केले. सावलीने डावा.

त्याच शनिवारी खुर्ची आली.

टेम्पोतून उतरली. काळ्या गादीची, पाठ असलेली, अंगावर प्लास्टिक तसंच. ती माल तपासायच्या टेबलाशी नेऊन ठेवली. तिथे कुणी बाई कधी बसत नव्हती, आणि आधीचा तपासनीस महिन्यापूर्वीच सोडून गेला होता. बायकांना हसायला एवढं कारण पुरलं.

"टायची सासू लागतेय वाटतं कामाला."

"छे गं, लाटण्याला आणलीय. दमतं बिचारं."

"हात नका लावू, बसलीस तर पगार कापेल."

सगळ्या जाता-येता खुर्चीकडे पाहत होत्या. सावली तेवढी पाहत नव्हती. मावशीला हे दिसलं. पण दिसलेलं सगळं त्याच क्षणी कळतं असं थोडंच आहे?

सोमवारी सुटायच्या वेळी दोघी शेवटच्या चादरी उरकून कपडे बदलायच्या खोलीत आल्या. मावशी खुंटीवरची पिशवी घ्यायला वळली तर सावली म्हणाली, "थांब, मी देते." पिशवी तिने मावशीच्या खांद्याला अडकवली, पट्टा सरळ केला आणि खांद्यावर हात जरासा दाबला. असं ती कधी करत नसे. मावशीला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. ते नाकारून काय उपयोग?

फाटकावरचा दरवान एरवी बायकांच्या पिशव्यांकडे ढुंकूनही पाहत नसे. त्या दिवशी त्याने बाकीच्या जाऊ दिल्या आणि मावशीपुढे हात आडवा केला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, थेट खांद्याकडे पाहिलं. मागे टाय उभा, योगायोगाने. टायच्या मागे पोलीस, तोही योगायोगानेच.

पिशवी उघडली. वरच हॉटेलची चादर, कडक, पांढरीशुभ्र, घडी घातलेली. शिवण खाली.

ती चादर मावशीने ओळखली. दुपारी स्वतःच्या हातांनी तिने ती ताणली होती, झटकली होती, आणि समोरून चालत येणाऱ्या हातांत टोकं दिली होती. तिने मागे वळून पाहिलं. सावली तिथेच उभी होती, दोन्ही हात समोर धरून, जणू टोकं अजून हातातच आहेत.

मावशी ओरडली नाही. फाटकावर थांबलेल्या बायकांना याचंच नवल वाटलं. तोंड उघडलं असतं तर एक नाव बाहेर पडलं असतं, आणि ते नाव तिला स्वतःच्याच कानांनी ऐकायचं नव्हतं. ती फक्त टायला म्हणाली, "साहेब, चोरायचीच असती तर मापाची चोरली असती. एवढ्या मोठ्या चादरीचा पलंग माझ्या घरात मावत नाही."

चौकीत हवालदाराने बाकड्याकडे बोट केलं. "बसा."

मावशी बसली. डब्याची वेळ सोडली तर दिवसभरात पहिल्यांदाच बसली, आणि बसल्यावर तिच्या डोक्यात टपकन पडलं. खुर्ची! खुर्ची शनिवारी आली. चादर सोमवारी पिशवीत पडली. कुणाला तरी बसवायचं आधीच ठरलं होतं, म्हणून कुणाला तरी उठवलं. सगळं ठरवून. खोलीत तिने डावा हात वर केला, तेव्हाही ठरलेलंच होतं.

मंगळवारी सकाळी धाकट्या बहिणीचा नवरा जामीन द्यायला आला. बस चालवणारा माणूस, ड्युटी बुडवून आलेला.

"ताई, तुला शंभरदा सांगितलं, तोंड आवर."

"तोंडाने नाही आणलं मला इथे, पिशवीने आणलं."

"घातली कुणी?"

"गाडी चालवताना मागे बघतोस का? मग पुढे बघ आणि चल."

दुपारी डब्याच्या सुटीत धुलाईवरची म्हातारी आणि आणखी एक बाई मावशीच्या घराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. म्हातारी म्हणाली, "तू चोर नाहीस हे आम्हाला ठाऊक आहे."

"मग?"

"मग काही नाही. पण गुरुवारचं राहू दे. पोरी घाबरल्यात. टाय सगळ्यांना सांगतोय, चोरट्या बाईच्या मागे जाऊ नका. तुझ्यावरचा डाग निघेपर्यंत कुणी बसायची नाही."

"आणि तार?"

म्हातारीने खाली पाहिलं. मावशीने दार असं आपटलं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. डाग खळीने निघत नाही, साबणाने निघत नाही. तो एकाच माणसाच्या तोंडून निघणार होता. आणि त्या तोंडाकडे बघायचीही मावशीला इच्छा नव्हती.

बुधवारी सावलीची आई काठी टेकत आली. तिला काहीच कल्पना नव्हती.

"आमची इथे आहे ना गं? काल कामावरून घरी आलीच नाही. म्हटलं, तुझ्यावर असा प्रसंग, तुझ्याकडेच राहिली असेल. दुसरीकडे कुठे जाणार ती?"

मावशी उंबऱ्यात उभी. जिभेवर सगळं आलं होतं, अगदी टोकावर. सावलीची आई घाम पुसत म्हणाली, "तुझ्याकडे असली की मला घोर नसतो बघ."

मावशीने चपला घातल्या. "तुम्ही इथेच बसा. मी आणते."

वाटेत चिमणी भेटली, हाताला अजून पट्टी. हिशेबासाठी ती मंगळवारी लाँड्रीत गेली होती. तिने सांगितलं, टायने सगळ्यांसमोर सावलीला त्या खुर्चीवर बसवलं. "मी टेबलापाशी गेले आणि म्हटलं, सावलीताई, तू तर मावशीसोबतच होतीस, तूच सांग ना यांना ती चोर नाही म्हणून. तर ती उठली आणि चालायलाच लागली, मावशी. डबासुद्धा तिथेच."

मावशीला पुढचं विचारावं लागलं नाही. लाँड्रीत वाळवायची मशिनं यायच्या आधी सगळं वाळवण मागच्या गल्लीतल्या जुन्या धुलाईघराच्या गच्चीवर चालायचं. आता ती इमारत बंद होती, पण दोऱ्या अजून खांबाखांबांना बांधलेल्या होत्या. सुरुवातीची वर्षं दोघींनी डबा तिथेच खाल्ला होता. मावशी जिने चढली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कठड्याला टेकून सावली बसली होती. खांबावरची एक दोरी सोडून तिने मांडीवर घेतली होती.

"पुढे येऊ नकोस, मावशी."

"का? इथेपण खुर्ची मांडलीय का?"

मावशी सरळ चालत गेली आणि तिने सावलीच्या कानाखाली एक वाजवली. येशूने वाजवली नसती. कडकमावशीने वाजवली. इतक्या वर्षांची उधारी होती.

"आता बोल. पहिल्यापासून."

सावली गालावरचा हात न काढताच बोलली. चिमणीचा हात गेला त्याच्या पुढच्या आठवड्यात टायने तिला बोलावलं होतं. "त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली, मावशी. बसा म्हणाला. बसा! इतक्या वर्षांत मला तिथे कुणी बस म्हणालं नव्हतं."

"मी..."

"तू तर नाहीच. तू मला उभं राहायला शिकवलंस. अगं, उभीच होते की मी! जन्मल्यापासून उभी आहे. बसायला कोण शिकवणार होतं?"

मावशीही त्या तापलेल्या गच्चीवर बसली.

"पाय दुखत होते तर मला सांगायचं."

"सांगितलं होतं. तू हसलीस."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मावशी म्हणाली, "म्हणून चादर घातलीस?"

"म्हणून नाही. खुर्चीसाठी घातली." सावली आता रडत नव्हती. "तो म्हणाला पोलिसात देणार नाही, नुसतं कामावरून काढू, तुझ्यासारखीला काम कुठेही मिळेल. मी मानलं. मानायचंच होतं मला. खुर्ची आली तेव्हासुद्धा मागे फिरता आलं असतं. नाही फिरले. मावशी, मला माफ कर."

"नाही."

"मग कशाला आलीस?"

"तुझ्या आईने पाठवलं. माझ्याकडे असलीस की तिला घोर नसतो म्हणे." मावशीने तिच्या मांडीवरची दोरी ओढली. "आणि ही कशाला घेतलीस? यहूदासारखं करून सुटायचं होतं? वा! तू सुटशील, मी चोर राहीन, आणि तार तिथेच राहील. पुढच्या महिन्यात आणखी एका पोरीचा हात. तुला काय, तू तर सुटलेली!"

"त्याला पस्तावा झाला होता. आपल्या धड्यातच होतं."

"झाला ना! पण तो कुणाला जाऊन म्हणाला, मी निर्दोष माणूस धरून दिला? ज्यांनी धरायला लावलं, त्यांनाच! अगं, त्यांना माहीत नव्हतं का? येशू तेव्हा जिवंत होता. चौकात जायचं, बोंब मारायची, हा माणूस निर्दोष आहे, मी खोटं वागलो. ते नाही केलं. पैसे फेकले आणि निघाला. मला लहानपणापासून राग आहे त्याचा, आणि धरून दिलं त्याच्यापेक्षा जास्त याचा."

सावली हळूच म्हणाली, "त्याला शोधायलाही कुणी गेलं नाही."

"कोण जाणार होतं? अकरा जण स्वतःच पळत होते. आणि ज्याने जायचं, त्याला वेळ कुठे दिला? लगेच क्रुसावर खिळलं. मी जामिनावर आहे. मला वेळ आहे." मावशी उठली. "ऊठ. उद्या लाँड्रीत जायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं."

"माझ्या तोंडावर थुंकतील गं."

"थुंकतील. पुसायला रुमाल मी देईन."

"पोलीस धरतील."

"धरतील. चौकीतलं कुठलं बाकडं डुगडुगत नाही ते मला माहीत आहे. सोबत येते मी. पण माफी मागू नकोस, माझ्याकडे नाहीये. आजची तरी नाही."

दोरी अर्धी जमिनीवर पसरली होती. एक टोक सावलीच्या हातात, एक मावशीच्या. दोघींनी ती ताणली, झटकली, आणि गुंडाळत एकमेकींकडे चालत आल्या. सावलीने डावा हात पुढे केला. मावशीचा हात तिथे होता.

गुरुवारी सावली कामावर आत गेली आणि मावशी फाटकासमोर रस्त्यापलीकडे उभी राहिली. दरवान कसनुसा होऊन जवळ आला. "मावशी, तुला आत नाही सोडता येणार."

"मी येतेय का? की रस्तासुद्धा तुझ्या साहेबाने इस्त्रीला टाकलाय?"

तपासणीची गाडी आत गेली. लाटण्याचा घरघराट रस्त्यावर नेहमीसारखा ऐकू येत होता. चालूच होता. चहा आला असेल. चालूच. मावशीच्या मनात आलं, जाऊन बसली असेल ती पुन्हा खुर्चीवर. का नाही बसणार? एकदा विकत घेता आलेलं माणूस दुसऱ्यांदा स्वस्तात मिळतं. आपण काय, गच्चीवर चार वाक्यं फेकली आणि समजलो की पोर परत आली. शब्दांनी शिरा उतरतात का? घरघराट चालूच. मावशीने रुमाल इतका पिळला की फाटायला आला.

आणि आवाज थांबला.

असा थांबला की दरवानाने मान वर केली. लाँड्री चालू असताना ती शांतता त्याने नोकरीत कधी ऐकली नव्हती. मग आतून एक आवाज आला, एका बाईचा. शब्द कळत नव्हते. मग पुन्हा शांत, खूप वेळ. मग खणकन लोखंड आपटलं.

हिशेबाच्या निमित्ताने आत गेलेली चिमणी धावत फाटकावर आली. गजांतून तोंड घालून ती एका दमात बोलत सुटली. सावलीने माल तपासायच्या टेबलाची खुर्ची उचलली. सगळ्यांमधून ती घेऊन लाटण्यापाशी गेली. सगळ्यांना वाटलं, बसतेय. ती बसली नाही, वर चढली. तारेला हात घातला आणि म्हणाली, ही खुर्ची शनिवारी आली, चोरी सोमवारी झाली, चोरीच्या आधी बक्षीस कुणाला मिळतं ते तुम्हीच सांगा. मावशीच्या पिशवीत चादर मी घातली. टायच्या सांगण्यावरून, खुर्चीसाठी, ठरवून. "टाय ओरडला, उतर खाली! तर धुलाईवरची म्हातारी मटकन खाली बसली, मावशी. मग सगळ्या बसल्या. मशिनवरचीने बटण दाबलं आणि तीही बसली. साहेब कप हातात घेऊन बाहेर. तार बघितली, माझा हात बघितला. टायला म्हणाले, सोडा ही. तर सावलीताई म्हणते, आधी तुम्ही लिहा, मग मी सोडते! लिहिलं त्यांनी. उभ्याने लिहिलं. मग तिने सोडली, डाव्या हाताने."

पुढे काय काय झालं ते एका दिवसात संपलं नाही. सावलीला जबाब द्यायला चौकीत जावं लागलं आणि मावशी तिच्यासोबत न डुगडुगणाऱ्या बाकड्यावर बसली. टायची बदली झाली, शिक्षा नाही. मावशीला कामावर परत घ्यायला ऑफिसवाल्यांनी नाकं मुरडली, तिने फाटक सोडलं नाही, शेवटी घेतलं, आणि तिच्या हट्टाने सावलीलाही. प्रार्थनेच्या मंडळीत पाळकांनी एकदा विचारलं, "मग तिला क्षमा केलीत ना?" ती म्हणाली, "तुम्ही तुमचं बघा. घडी मी तिच्याबरोबर घालते, शिवण अजून उलटीच पडते. क्षमेचं जमलं की कळवीन."

पण त्या गुरुवारी एवढंच झालं. दांडी खाली आल्यावर टायने सावलीला बाहेर काढलं. ती फाटकातून आली ती खुर्ची घेऊनच, प्लास्टिक अजून अंगावर. मागून काम सुटलेल्या बायका येत होत्या. त्यातली एक जवळून जाताना थुंकली, बरोबर तोंडावर. सावलीने मान हलवली नाही. मावशी रस्ता ओलांडून आली आणि तिने रुमाल पुढे केला. शब्द दिला होता.

सावलीने तोंड पुसलं, खुर्ची फुटपाथवर ठेवली. "बस, मावशी."

"मी? त्या खुर्चीवर बसण्यापेक्षा लाटण्यातून निघेन. तू बस. पाय वर घे."

सावली बसली नाही. मावशीने खांदा दाबून तिला बसवलं. भर रस्त्यात, येणारेजाणारे बघत होते. मग ती फाटकाकडे वळली, आणि तिने असा आवाज काढला की ऑफिसाच्या काचा ऐकत राहिल्या.

"ओ टायसाहेब! एक खुर्ची तर आली. बाकीच्यांच्या कधी येणार?"